बास कमी करा, शब्द ऐकू येतील

मागे एका वाचक भगिनीने आम्हांला एक साधा प्रश्न विचारला होता. घरात चांगला रिसिव्हर आहे, दोन उंच स्पीकर आहेत. मुले गाणी लावतात तेव्हा खिडकीच्या काचा हादरतात. पण सासऱ्यांना बातम्या ऐकायच्या असल्या की ते उशाशी ठेवलेला हाताएवढा जुना रेडिओच लावतात. मोठ्या यंत्रातले त्यांना काही कळत नाही म्हणतात. असे का व्हावे?

प्रश्न वाचला आणि आम्हांला कामठीच्या आमच्या आत्याबाईंची आठवण झाली. त्यांच्या घरी २०१७ सालच्या हिवाळ्यात जे घडले, तेच या प्रश्नाचे उत्तर आहे. म्हणून ते सविस्तर सांगतो.

आत्याबाईंचे उभे आयुष्य बिड्या वळण्यात गेले. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पाने आणि तंबाखू, आणि शेजारच्या घरातून येणारा रेडिओचा आवाज. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. त्यानंतर कितीतरी वर्षे आमच्या वस्तीत रेडिओ असलेली घरे बोटांवर मोजण्याइतकी होती. ज्याच्याकडे रेडिओ, त्याच्या ओसरीवर बाया आपापली सुपे घेऊन बसत. आत्याबाई शाळेत गेल्या नाहीत. देशात काय चालले आहे, शेतमालाला काय भाव आहे, लहान मुलांना कोणती लस कधी द्यायची, हे सारे त्यांना रेडिओने सांगितले. हात कामात आणि कान रेडिओकडे, अशी त्यांची शाळा झाली.

त्या दिवशी आम्ही गेलो तर आत्याबाई मागच्या खोलीत एकट्या बसल्या होत्या. पुढच्या खोलीत थोरल्या नातवाने अमेरिकेहून आणलेला रिसिव्हर होता आणि धाकटा नातू त्यावर गाणी ऐकत होता. आम्ही म्हटले, "आत्या, पुढे चला ना, बातम्यांची वेळ झाली." त्या म्हणाल्या, "काय करू येऊन बाबू? आवाज तं लय येते, पण बोलते काय, तेच समजत नाही मले."

वहिनी आम्हांला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "भाऊजी, त्यांचे कान गेले आता. कधी कधी विचारलं एक तर सांगतात दुसरंच. डोक्यावर तर परिणाम नाही ना झाला, अशी भीती वाटते." घरातल्यांनी आत्याबाईंना सांगणे, विचारणे हळूहळू कमी केले होते. त्यांनीही बोलणे कमी केले होते. आम्हांला ही गोष्ट फार लागली.

आम्ही नातवाला बातम्या लावायला सांगितले. त्याने मीडियम वेव्ह लावली, बटण दाबत दाबत ५९० आकडा आणला आणि म्हणाला, "हेच नागपूर." आवाज मोठा होता, पण घोगरा आणि फाटलेला. निवेदकाच्या प्रत्येक 'स'बरोबर फसफस होत होती. खरे सांगायचे तर आमच्या धडधाकट कानांनाही निम्मे शब्द कळले नाहीत. मग आत्याबाईंचा काय दोष?

पहिली चूक आकड्यात होती. नागपूर केंद्र ५८५ किलोहर्ट्झवर होते, ५९० वर नव्हते. आपल्याकडे मीडियम वेव्हची केंद्रे नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतराने मांडलेली आहेत. वाचकांनी हवे तर भागाकार करून पाहावा. ५८५ ला नऊने नि:शेष भाग जातो. १९८८ साली सुरू झालेली आकाशवाणीची रात्रीची राष्ट्रीय प्रसारण सेवा नागपूरच्या ज्या शक्तिशाली प्रक्षेपकावरून १५६६ वर येत असे, त्या आकड्यालाही नऊने भाग जातो. (ती सेवा बंद करण्याचा निर्णय २०१८ च्या अखेरीस झाला.) आशिया, युरोप आणि आफ्रिकेसाठी ही नऊची मांडणी १९७५ च्या जिनिव्हा येथील परिषदेत ठरली आणि १९७८ पासून अमलात आली. अमेरिकेत मात्र हे अंतर दहाचे आहे. त्यामुळे तिकडच्या बाजारासाठी केलेला रिसिव्हर ५८० वर थांबतो, नाही तर ५९० वर. ५८५ वर तो थांबतच नाही. केंद्र कडेने लागते आणि कडेने लागलेले केंद्र असेच फाटके ऐकू येते.

यावर उपाय बहुधा यंत्रातच असतो. पुष्कळ रिसिव्हरांच्या पाठीमागे '९' आणि '१०' असे लिहिलेला एक बारीक खटका असतो. काहींत तो नसतो, तेथे बंद यंत्राची ठरावीक बटणे एकत्र दाबून हा बदल करावा लागतो. ती कोणती, हे सोबतच्या पुस्तिकेत दिलेले असते. आम्ही प्लग काढला, यंत्र फिरवले, खटका नऊवर केला. नातवाने पुन्हा केंद्र शोधले तेव्हा ५८५ आकडा आला आणि फसफस गेली. हा बदल केल्यावर साठवलेली केंद्रे बहुधा पुसली जातात, ती पुन्हा साठवावी लागतात. केंद्र लावायचे, 'मेमरी' दाबायचे आणि काही सेकंदांच्या आत हवा तो क्रमांक दाबायचा, एवढेच ते काम.

एफएमचेही असेच आहे. अमेरिकेतील एफएम केंद्रांच्या आकड्यांत दशांश चिन्हानंतर नेहमी विषम अंक येतो. काही यंत्रे तेवढेच आकडे दाखवतात. मग नागपूरची १००.६ वरची विविध भारती १००.५ किंवा १००.७ वर ओढून ऐकावी लागते. जपानमधून यंत्र आणणाऱ्यांनी आणखी जपावे. तिकडच्या जुन्या यंत्रांचा एफएम पट्टा ७६ ते ९० मेगाहर्ट्झ एवढाच असतो, आपला ८७.५ ते १०८ असतो. आणि सर्वांत आधी विजेचे पाहावे. आपल्या घरात २३० व्होल्ट असतात, अमेरिकेत १२०, जपानमध्ये १००. पाठीवरची पट्टी न वाचता प्लग लावला तर यंत्र तेथेच जळेल. आत्याबाईंच्या घरी ती चूक टळली होती, कारण कामठीच्या बाजारातल्या एका जुन्या रेडिओ मेकॅनिकने आधीच ट्रान्सफॉर्मर घ्यायला लावला होता.

केंद्र नीट लागले, तरी आत्याबाई म्हणाल्या, "आता बरं येते, पण अजून ढोल वाजल्यावानी वाटते." त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. ही दुसरी चूक. बासचे बटण शेवटापर्यंत उजवीकडे फिरवलेले होते, ट्रेबल मध्यावर होता आणि 'लाउडनेस' चालू होता.

बास म्हणजे खालचे जाड स्वर. ढोलकीची धुम, तबल्याचा बायाँ, पुरुषी आवाजातला घुमारा हे त्यात येते. ट्रेबल म्हणजे वरचे बारीक स्वर. खंजिरीच्या झांजा, टाळ आणि मुख्य म्हणजे बोलण्यातले स, श, फ, थ, ख हे वर्ण. माणसाच्या बोलण्याचा जोर स्वरांत असतो, पण अर्थ बराचसा व्यंजनांवर चालतो. 'सात' की 'साठ', 'खत' की 'थट', हे ओळखायचे तर दोन हजार ते चार हजार हर्ट्झ आणि त्याच्या वरचा भाग स्वच्छ ऐकू यावा लागतो. वय झाले की कानाची नेमकी हीच वरची बाजू आधी कमी होते. खालची बाजू बरीच टिकते. म्हणून म्हातारी माणसे म्हणतात, आवाज येतो पण शब्द कळत नाही. त्यात आपण बास वाढवला, तर उरलेसुरले व्यंजनही जाड स्वराखाली दबते. मग आपण आवाज वाढवतो. त्याने बास आणखी वाढतो आणि शब्द आणखी बुडतो.

आम्ही आवाज निम्मा केला. बास मध्याच्या दोन खुणा खाली आणला. ट्रेबल दोन खुणा वर नेला. लाउडनेस बंद केला. या लाउडनेसचेही थोडे सांगतो. अगदी हळू आवाजात कानाला खालचे स्वर फार कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९३३ साली मोजून दाखवले. ती उणीव भरण्यासाठी हे बटण खालचे स्वर वाढवून देते. रात्री हळू आवाजात गाणी ऐकताना ते उपयोगी आहे. बातम्या, भाषणे यांना ते नको.

तिसरी गोष्ट जागेची. दोन्ही स्पीकर कोपऱ्यात, जमिनीवर ठेवलेले होते. कोपऱ्यात भिंती आणि जमीन मिळून बास आपोआप फुगवतात. आम्ही ते स्टुलावर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला आणले आणि भिंतीपासून हातभर पुढे ओढले. यात एक पैसाही लागला नाही.

नातवाला वाटले, आपली मजा गेली. त्याला आम्ही समजावले, की बटण मध्यावर असते तेव्हा यंत्र आवाजात आपले काही घालत नाही, आपल्यापुरती आवड असेल तेवढेच इकडेतिकडे करावे. जुन्या रेडिओंना बहुधा 'टोन' असे एकच बटण असे आणि ते फक्त बारीक स्वर कमी करी. बास आणि ट्रेबल वेगवेगळे वाढवता आणि कमीही करता यावेत, यासाठी जी जोडणी पुढे जगभर वापरली गेली, ती पीटर बॅक्सँडल या इंग्रज अभियंत्याने १९५२ साली प्रसिद्ध केली. ते बटण दोन्ही बाजूंना फिरते, हेच आपण विसरतो. शिवाय बास दहा डेसिबलने वाढवला, तर त्या स्वरांसाठी यंत्राला दहापट शक्ती खर्चावी लागते. ती नसली की आवाज फाटतो आणि अशा फाटलेल्या आवाजाने स्पीकरमधला लहान ट्विटर जळू शकतो. हे ऐकल्यावर नातवाचा हात आपोआप बटणाकडे गेला.

मग बातम्या लागल्या. आत्याबाई पुढच्या खोलीत येऊन बसल्या. बाहेर कन्हानच्या पुलाकडे जाणारे ट्रक वाजत होते, तरी त्या ऐकत होत्या. एक बातमी संपली तेव्हा वहिनींनी गावाचे नाव चुकीचे सांगितले. आत्याबाई लगेच म्हणाल्या, "भंडारा नाही वो बाई, गोंदिया म्हणला त्यानं." वहिनी आमच्याकडे पाहतच राहिल्या. त्या दिवसापर्यंत घरात जिला विसराळू ठरवले होते, तिला ऐकूच येत नव्हते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बटणाने कान बरा होत नाही. आत्याबाईंना आम्ही पुढच्या आठवड्यात सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात नेण्यास सांगितले. तेथे कानांची तपासणी झाली आणि वरचे स्वर कमी ऐकू येतात हे निघालेच. घरातले वृद्ध विचारले एक आणि सांगितले दुसरे असे करू लागले, तर बुद्धीवर शंका घेण्याआधी कान तपासून घ्यावा. त्यांच्याशी ओरडून नव्हे, तर समोर बसून, सावकाश, तोंड दिसेल असे बोलावे.

आपल्या समाजाला शब्दाचे मोल वेगळे सांगायला नको. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी आकाशवाणीवरून आपल्या तत्त्वज्ञानाविषयी भाषण केले. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून उसनी घेतली नसून आपल्या गुरूच्या, बुद्धाच्या शिकवणीतून घेतली आहेत, असे त्यांनी त्यात सांगितले. असे भाषण ऐकायचे तर शब्द न् शब्द कानी पडला पाहिजे. भीमगीतांचेही तसेच. ती लिहिणाऱ्यांनी अक्षरओळख नसलेल्या माणसाला इतिहास कळावा म्हणून लिहिली. जयंतीला स्पीकरच्या भिंती उभ्या राहतात, छातीत धडधड होते आणि गाणे कोणते हेच कळत नाही, तेव्हा त्या गीतकारांचे काम आपणच पुसत असतो. बासचा आवाज भिंतीही अडवू शकत नाहीत. शेजारच्या घरातील आजारी माणसाला आणि अभ्यासाला बसलेल्या मुलीला तोच ऐकू जातो. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकावर बंधन घालणारा नियम २००० सालापासून आहे, पण आपल्या घरी तरी नियमाची वाट कशाला पाहावी?

केंद्राविषयी दोन बारीक गोष्टी सांगून थांबतो. एफएमवर सर्र असा आवाज येत असेल तर 'मोनो' दाबावे, आवाज बराच स्वच्छ होतो. पाठीमागची टी आकाराची तार गुंडाळून ठेवू नये. तिचे दोन्ही हात भिंतीवर ताणून लावावेत, आणि ती भिंत केंद्राच्या दिशेला काटकोनात असेल तर उत्तम. कामठीकरांचे नागपूर नैऋत्येस आहे, हे ध्यानात ठेवावे. मीडियम वेव्हची चौकटीसारखी तार मात्र कड केंद्राकडे करून फिरवून पाहावी. एलईडी दिवा, मोबाइलचा चार्जर किंवा इन्व्हर्टर यामुळे खरखर येत असेल, तर ते एकेक बंद करून चोर शोधावा.

वाचक भगिनीने सासऱ्यांना एकदा मोठ्या यंत्रासमोर बसवावे आणि बटणे त्यांच्याच हाताने फिरवू द्यावीत. कोठे थांबायचे ते त्यांच्या कानाला कळेल. आत्याबाईंच्या रिसिव्हरवर नातवाने बासच्या बटणाशी नेलपॉलिशचा एक ठिपका लावला होता. गाणी संपली की बटण त्या ठिपक्यावर आणून ठेवायचे, असे त्याने आपणहून ठरवले होते.

पुढील वेळी घरातील इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी यांविषयी बोलू.