गंज दिसतो, ताण दिसत नाही

मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील शिवछत्रपतींचा ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. त्याचे अनावरण ४ डिसेंबर २०२३ रोजी झाले होते. म्हणजे पुरते नऊ महिनेही तो उभा राहिला नाही. त्यानंतर माजलेल्या वादंगात दोष कोणाचा याचा खल पुष्कळ झाला. आम्हांस मात्र त्या प्रकरणातील एका पत्राचे महत्त्व अधिक वाटते. दुर्घटनेच्या सहाच दिवस आधी मालवणच्या सार्वजनिक बांधकाम खात्याने नौदलास लिहून नटबोल्ट गंजल्याचे कळविले होते. गंज डोळ्यांना दिसतो. आतील सांगाडा किती ताण सोसत आहे, हे दिसत नाही. आणि गंजाचे पत्र फायलीत जितक्या सहज निजते, तितका धोक्याचा आकडा निजत नाही.

समोरच्या समुद्रात १६६४ साली पायाभरणी झालेला सिंधुदुर्ग अद्याप उभाच आहे, असा टोमणा तेव्हा अनेकांनी मारला. तो झोंबणारा खरा. परंतु तटाचा दगड भार पेलतो तो दबून. उंच पुतळ्यावर वारा आदळला की सांगाड्याची एक बाजू ताणली जाते, दुसरी आवळली जाते. वारा फिरला की उलट. ही ओढाताण सहस्रावधी वेळा झाली म्हणजे सदोष सांधा प्रथम हार खातो.

ती मोजणारे साधन आज उपलब्ध आहे. केसाएवढ्या काचतंतूच्या गाभ्यात, काही मिलिमीटरांच्या लांबीत, अतिसूक्ष्म रेघा उमटवितात. प्रकाश सोडला असता त्या एकच ठरावीक तरंगलांबी परत पाठवितात. तंतू चिकटविलेले लोखंड ताणले गेले की रेघांतील अंतर वाढते आणि परतणारी तरंगलांबीही वाढते. मीटरभर लांबीत मिलिमीटरचा सहस्रांश एवढी वाढदेखील त्यावरून कळते. एका तंतूवर अशी अनेक ठिकाणे साधता येतात. खाऱ्या वाऱ्याने काच गंजत नाही. मात्र तापमान एका अंशाने चढले तरी तंतू या सहस्रांशाच्या सुमारे आठपट ताणाचा आभास देतो. मालवणच्या उन्हात ही बाब क्षुल्लक नव्हे. शेजारी ताणमुक्त तंतू ठेवून उष्णतेचा हिशेब वजा करावाच लागतो. शिवाय जेथे तंतू नाही, तेथील दुखणे तो सांगणार नाही. वर चढून पाहणाऱ्या अभियंत्याची सुटका त्यामुळे होत नाही.

मे २०२५ मध्ये राजकोटवर ६० फुटी नवा पुतळा उभा राहिला. त्याच्या सांध्यांचा ताण अशा तंतूंनी सतत मोजला जावा आणि त्या नोंदी दर पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर प्रसिद्ध व्हाव्यात, अशी आमची मागणी आहे. कोणत्या आकड्यावर पर्यटकांना पायथ्याशी जाण्यास मनाई करावयाची आणि तो हुकूम कोणत्या अधिकाऱ्याने द्यावयाचा, हेही शासनाने आधीच लेखी ठरवून किल्ल्याच्या दारावर लावावे.