कडा बंद करून भागणार नाही

मे महिना सरत आला की मुंबई-पुण्याकडील तरुणांचे डोळे सह्याद्रीकडे लागतात. परीक्षा आटोपलेल्या असतात, पावसाला अजून आठ-पंधरा दिवस अवकाश आहे अशी अटकळ असते आणि कातळ कोरडा असतो. शनिवारी पहाटे निघावे, रविवारी एखादा कडा चढून वा दोराने उतरून रात्री घरी परतावे, असा हा दोन दिवसांचा बेत. त्याला नाके मुरडणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. तेनसिंग आणि हिलरी यांनी एव्हरेस्टवर पाऊल ठेवले तेही 29 मे 1953 रोजी, म्हणजे मान्सूनपूर्वीच्या याच अरुंद फटीत. डोंगर आणि पाऊस यांच्यामधला हा अवधी गिर्यारोहकांनी फार पूर्वीच हेरलेला आहे.

परंतु ही फट आता पूर्वीसारखी भरवशाची राहिलेली नाही. 2025 सालच्या मे महिन्यातील शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी काय घडले ते आठवावे. शनिवारी, 24 मे रोजी मान्सून केरळात दाखल झाला. रविवारी तो गोवा ओलांडून तळकोकणात आला आणि सोमवारी, 26 मे रोजी मुंबईत पोहोचला. मुंबईतील त्याच्या आगमनाची सर्वसाधारण तारीख 11 जून धरली जाते. म्हणजे जो शनिवार-रविवार पंचांगाने उन्हाळ्याचा म्हणून दिला होता, तो आभाळाने पावसाळ्यात जमा केला. असे दरवर्षी घडेल असे कोणीही म्हणणार नाही. पण एकदा घडू शकते एवढे कळल्यावर ‘गेल्या वर्षी याच सुमारास गेलो होतो’ हा आधार कड्यावर जाणाऱ्याने सोडून दिला पाहिजे.

कारण सह्याद्रीचा दगड हा ऋतूबरोबर स्वभाव बदलणारा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचून थिजलेल्या लाव्हारसाचा हा बेसाल्ट. थराथरांच्या सांध्यात ठिकठिकाणी लालसर, ठिसूळ माती दडपलेली असते. एप्रिल-मेच्या उन्हात कातळ तापतो, सुकलेल्या गवताखालची माती भुसभुशीत होते आणि हाताला भक्कम वाटलेला धोंडा अंगावर येतो. कपारींत आग्या मोहोळे लटकलेली असतात. वरच्याच्या एका हाकेने वा धुराच्या एका झोताने खवळलेल्या माश्यांपुढे दोरावर लोंबकळणाऱ्या माणसाला पळायला जागा नसते. गडावरची बहुतेक टाकी आटलेली असतात. त्यातच दुपार कलताना वळीव गाठतो. वीज उंच सुळक्यावर पडते आणि पहिल्याच सरीने तो कोरडा कातळ निसरडा होतो.

अनुभव असला म्हणजे या सगळ्यावर मात करता येते, असे म्हणणाऱ्यांनी कोकणकड्याचे स्मरण ठेवावे. हरिश्चंद्रगडाचा हा अर्धगोलाकार, आत वळलेला कडा गिर्यारोहकांच्या मनातले एक दैवतच आहे. 18 जानेवारी 2020 रोजी त्याच कड्यावर दोराने उतरण्याच्या मोहिमेत अरुण सावंत हे ज्येष्ठ गिर्यारोहक पडून मृत्युमुखी पडले. तेव्हा महिना थंडीचा होता, पाऊस नव्हता, आणि गेलेला माणूस नवशिका नव्हता. कित्येकांना ज्यांनी सह्याद्री दाखविला असे ते जाणते गिर्यारोहक होते. जिथे जाणत्याला कडा सूट देत नाही, तिथे चार चित्रफिती पाहून आणि भाड्याचा दोर घेऊन निघालेल्याला तो देईल काय?

यावर शासनापाशी ठरलेले उत्तर आहे : बंदी. पावसाळा आला की जिल्हाधिकाऱ्यांचे आदेश निघतात, धबधब्यांच्या वाटांवर फलक लागतात. जुलै 2023 मध्ये गोव्यातील अभयारण्यांतले धबधबे असेच बंद झाले. त्याच महिन्यात रुळांवरून दूधसागरकडे निघालेल्या शेकडो तरुणांना रेल्वे सुरक्षा दलाने अडविले आणि काहींना उठाबशा काढावयास लावल्या. ते दृश्य पाहून देशभर हशा पिकला. रुळांवरून चालणे हा अपराधच. त्याचे समर्थन कोण करील? पण हशा ओसरल्यावर प्रश्न उरतोच. उठाबशा काढून परतलेला तरुण पुढच्या रविवारी कोठे गेला? जिथे फलक नव्हता आणि शिपाईही नव्हता अशाच ठिकाणी ना? सरसकट बंदीचा दोष हाच की, परवानगी मागणारी, साधने तपासून नेणारी संस्था ती पाळते. न विचारता जाणारा मागच्या वाटेने जातो. सावध माणूस घरी बसतो आणि बेफिकीर माणूस कड्यावर एकटा उरतो.

मग बंदी नसावीच काय? असे आम्ही म्हणत नाही. बंदीलाही शिस्त असू शकते, आणि तिचा एक नमुना मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात पाहावयास मिळतो. बालाघाट हे नाव आपल्याला परके नाही. घाटाच्या वरचा मुलूख तो बालाघाट. हरिश्चंद्रगडापासून आग्नेयेकडे गेलेल्या आपल्या डोंगररांगेलाही हेच नाव आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील त्या दुसऱ्या बालाघाटात कान्हा व्याघ्र प्रकल्पाचे मुक्की हे प्रवेशद्वार आहे. तेथून जंगलाच्या गाभ्यात शिरणाऱ्या पर्यटकाला नोंद करावी लागते आणि नोंदणीकृत वाटाड्या बरोबर घ्यावाच लागतो. 30 जूनला गाभ्याचे दार लागते ते 1 ऑक्टोबरला उघडते. ही तारीख सर्वांना आधीच ठाऊक असते. अपघात झाल्यावर घाईघाईने काढलेला तो आदेश नसतो. दार केव्हा बंद, केव्हा उघडे, उघडे असताना कोण जाणार आणि कोणाबरोबर जाणार, या चारही प्रश्नांची उत्तरे तेथे ठरलेली आहेत.

कान्हात वाघ आहे म्हणून हे झाले. हरिश्चंद्रगडावर कडा आहे, म्हणून होऊ नये काय? तोही कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातच येतो. गडाच्या पायथ्याची महादेव कोळी आणि ठाकर मंडळी पिढ्यान्‌पिढ्या त्या वाटा तुडवीत आली आहेत. कोणत्या नाळेत दगड सुटतात, कोणत्या कपारीत यंदा मोहोळ बसले आहे, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक? आज ही माणसे पर्यटकांना पिठले-भाकरी पुरवितात, आणि कोणी पडला तर मध्यरात्री कंदील घेऊन शोधावयास जातात. त्यांना दोराचे शास्त्रशुद्ध शिक्षण, ओळखपत्र, विमा आणि कामाचा मोबदला दिला, तर कड्याला पहारेकरी मिळेल आणि गावाला रोजगार.

महाराष्ट्र शासनाने 2021 साली साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले, ही चांगली गोष्ट झाली. पण धोरण मंत्रालयातून निघून कड्याच्या पायथ्यापर्यंत चालत गेले पाहिजे. त्या वाटेवरची कामे उघड आहेत. तालुक्यातालुक्यांत बचावाच्या साधनांचा साठा हवा. प्रत्येक मोठ्या कड्याच्या पायथ्याशी येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंदवही हवी. हवामान खात्याचा इशारा गावातल्या फळ्यावर लिहिलेला हवा. गोव्याने 2008 पासून आपल्या किनाऱ्यांवर प्रशिक्षित जीवरक्षक उभे केले. समुद्राला बंदी घातली नाही. समुद्राबाबत सुचलेले शहाणपण घाटाबाबत का सुचू नये?

आणि हा खर्च हौशी लोकांच्या चैनीसाठी कशाला, असे विचारणाऱ्यांना आम्ही 28 जुलै 2018 या दिवसाची आठवण देऊ. दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांना घेऊन निघालेली बस आंबेनळी घाटात खोल दरीत कोसळली. एक जण वाचला, बाकीचे सारे गेले. त्या पावसात, त्या धुक्यात, दोर लावून दरीत उतरणारे आणि एकेक मृतदेह वर आणणारे होते ते आसपासचे गिर्यारोहकच. रविवारच्या छंदातून त्यांच्या हाती आलेली कला त्या दिवशी कोकणातील शोकाकुल कुटुंबांच्या कामी आली. तिला चैन म्हणणे कृतघ्नपणाचे होईल.

शासनाइतकीच जबाबदारी आपल्या शाळा-महाविद्यालयांची आहे. मे 2016 मध्ये नवी मुंबईत प्रस्तरारोहणाची विश्वचषक स्पर्धा भरली; 2021 च्या टोकियो ऑलिंपिकपासून हा खेळ ऑलिंपिकमध्ये आहे. सरावाची एक भिंत उभारणे आपल्या जिल्ह्यांच्या क्रीडासंकुलांना अशक्य नाही. भिंतीवर पडलेला मुलगा गादीवर पडतो आणि कोठे चुकले ते शिकतो. कड्यावर पडलेल्याला शिकण्याची संधी मिळत नाही.

सिंहगडाच्या चढाईची गोष्ट सांगताना आपण घोरपडीवर पुष्कळ बोलतो. इतिहासाला ती घोरपड मान्य असो वा नसो, 4 फेब्रुवारी 1670 च्या त्या रात्री अंधारात वर गेले ते डोंगरात वाढलेले मावळे होते. कडा त्यांच्या ओळखीचा होता आणि वर जाण्याला कारण होते. आपल्या मुलांना त्या शौर्याचा अभिमान आपण भरपूर दिला, दोराची गाठ मात्र शिकविली नाही. पुढचा मे उजाडण्यापूर्वी ती उणीव भरून काढावयास हवी. कड्यावरून माघारी फिरणे हीदेखील गिर्यारोहणातलीच एक विद्या आहे, हे शिकलेला तरुण आभाळ भरून आलेले पाहताच दोर गुंडाळील आणि फलक नसतानाही खाली उतरेल. त्याला रोखण्यासाठी शिपाई ठेवावा लागणार नाही.