अरुणची आई रंगमंचावर का येत नाही?

पनवेलच्या वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात एकांकिका स्पर्धा होतात आणि कळंबोली-कामोठ्याची आपली पोरंही आता स्वतः लिहू लागली आहेत. विषय बहुतेक वेळा ठरलेला : दलित मुलगा, सवर्ण मुलगी. मग कुणीतरी जाणता सांगतो, असं नातं कसं लिहायचं ते तेंडुलकरांच्या 'कन्यादान'मध्ये बघा. आम्ही म्हणतो, बघा जरूर, पण गिरवू नका.

नाटक १९८३ चं. १९९३ मध्ये त्याला सरस्वती सन्मानही मिळाला. समाजवादी नाथ देवळालीकरांची ज्योती अरुण आठवले या दलित कवीशी लग्न करते. तो दारू पितो, तिला मारतो, गरोदरपणातही सोडत नाही. शेवटी बापाची शिकवण बापाच्याच पदरात टाकून ती त्याच्याकडे परत जाते.

अरुण वाईट दाखवला, ही आमची तक्रार नाही. आपल्यातले नवरे मारत नाहीत असं म्हणणारा खोटं बोलतो. सुनेच्या पायात घातलेला खोडा बेबीताई कांबळेंनी 'जिणं आमुचं'मध्ये लिहून ठेवलाय. बायको शिकते, लिहिते, म्हणून नवऱ्याला काय बोचतं ते उर्मिला पवारांनी 'आयदान'मध्ये लपवलेलं नाही. ते पटतं, कारण तिथे नवऱ्याच्या मागे घर आहे, सासू आहे, गाव आहे.

'कन्यादान'मध्ये देवळालीकरांकडे बाप, आई, भाऊ सगळे आहेत. अरुणकडे कुणी नाही. बाप दारू पिऊन आईला मारायचा, एवढं तो सांगतो आणि त्या एका वाक्यावर अख्खी वस्ती उभी केली जाते! ती आई एकदाही दार लोटून आत येत नाही. सुनेची बाजू घेऊन पोराच्या कानाखाली तिने वाजवली नसती कशावरून?

चाहते म्हणतात, नाटक नाथांच्या भाबडेपणावर आहे. असेल. म्हणजे भाबड्या बापाला धडा द्यायला दलित माणूस वापरला, असंच ना? बाबासाहेबांनी १९३६ मध्ये आंतरजातीय विवाहाचा उपाय सांगितला, तेव्हा त्याआधी शास्त्रांचं पावित्र्य मोडा असंही बजावलं होतं. मुलगी दान द्यायची भाषा त्याच शास्त्रांतली. नाथ नेमकं तेच करतात : स्वतःच्या पुरोगामीपणासाठी मुलगी देतात.

तेव्हा लिहिणाऱ्यांनो, भाषणं नंतर. आधी बारीक गोष्टी शोधा. २५ डिसेंबरला पनवेलहून महाडला निघालेल्या गाडीत ती बसते का? बसली तर माहेरी काय सांगून निघते? हार्बरच्या लोकलमध्ये जुनी मैत्रीण भेटली की नवऱ्याचं आडनाव सांगताना तिचा आवाज खाली येतो का, आणि ते त्याच्या लक्षात येतं का? सासू तिच्या हातचं आवडीने खाते की तोंड वाकडं करून?

आणि हो, नायकाला देव करू नका. जयंतीच्या मंचावर समतेवर तासभर बोलणारा घरी जेवल्यावर स्वतःचं ताट उचलतो का, हे त्याच्या बायकोला विचारा आणि मगच त्याचा प्रवेश लिहा.

जय भीम!