पान्हा का अडतो?

बाळंतिणीच्या खोलीत एक वाक्य हमखास कानी येतं, ‘हिला दूधच नाही!’ मग अळिवाचे लाडू अन् शतावरीची धांदल उडते. लाडू जरूर द्यावेत. पण बऱ्याचदा दूध असतं, अडलेला असतो तो पान्हा.

दूध तयार होणं आणि ते उतरणं ही दोन वेगळी कामं आहेत. बाळ चोखू लागलं, की मज्जातंतूंमार्फत मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला निरोप पोचतो. त्याच्या खालची वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी रक्तात ऑक्सिटोसिन सोडते. दुधाच्या पिशव्यांभोवतीचे बारीक स्नायू त्यानं आवळले जातात आणि दूध उतरतं. पण आई धास्तावलेली असली तर? मेंदूतली बदामाएवढी एक गाठ धोक्याची वर्दी देते, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी ॲड्रेनॅलिन सोडतात. छाती धडधडते, रक्तवाहिन्या आकसतात. ऑक्सिटोसिन सुटतंही कमी आणि पोचतंही कमी. बुजलेली गाय पान्हा चोरते, हे आपल्या गवळणींना केव्हाचं ठाऊक! १९४१ साली अमेरिकेत एली आणि पीटरसन यांनी गाईंना मुद्दाम घाबरवून, ॲड्रेनॅलिन टोचून तेच दाखवलं. ‘चोरते’ म्हणणं मात्र अन्यायाचं. बिचारीच्या हातात काय असतं?

आता आमच्या जव्हार-मोखाड्याकडे पाहा. १९९२ साली वावर-वांगणीत बालकं दगावली, तेव्हापासून इथल्या कुपोषणावर पुष्कळ लिहिलं गेलं. आईचं पोट आधी भरलं पाहिजे, यात वादच नाही. पण दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जाणारी, उन्हाळ्यात हंडे वाहणारी बाई निवांत बसून पाजणार कधी? पान्हा वरचेवर अडला, दूध साचलं, की पुढे ते बनणंही कमी होतं. २०१५ पासूनच्या अमृत आहार योजनेत अंगणवाडीत स्तनदा मातेला गरम जेवण देतात. मला त्यातलं मोलाचं वाटतं ते हे, की ते तिला स्वतः रांधावं लागत नाही.

आपल्या घरात हंडे नसतील, पण टोमणे असतात! पाजायच्या वेळी पाहुण्यांना बाहेर बसवा, थोरल्या मुलाला जाऊबाईंकडे द्या, बाळ आईच्या उघड्या अंगाशी राहू द्या. बाटलीची घाई नको. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसरात्रीत सहा-सात वेळा लंगोट ओले करत असेल, वजन वाढत असेल, तर दूध पोचतंय. तसं नसेल तर मात्र लाडवांवर न विसंबता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.