रिकामी खाट

पहाटेच्या फेरीला परिचारिका येते आणि एक खाट रिकामी दिसते. चादर घडी करून ठेवलेली. उशाशी असलेली पिशवी नाही, सोबतचा माणूसही नाही. नोंदवहीत एक ओळ वाढते : ‘रुग्ण न सांगता निघून गेला.’ मोठ्या सरकारी रुग्णालयांना हा प्रसंग नवा नाही. अशा रुग्णाला ‘पळालेला’ म्हणण्याची रीत आहे. परंतु पळतो तो अपराधी. आजारी माणूस कशापासून पळतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

नर्मदेच्या परिसरातील जबलपूरचे उदाहरण घ्यावे. येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५५ साली सुरू झाले. आज ते नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या नावाने ओळखले जाते. मंडला, दिंडोरी, सिवनी, नरसिंहपूर या जिल्ह्यांतील रुग्ण मोठ्या उपचारांसाठी याच शहराकडे येतात. मंडला येथून सुमारे शंभर किलोमीटर दूर आहे. तेथील मजूर खाटेवर पडला, की त्याच्या उशाशी घरातील आणखी एक माणूस बसतो. म्हणजे दोघांची मजुरी बुडते. घरी मुले आणि गुरे शेजाऱ्यांच्या भरवशावर असतात. उपचार किती दिवस चालणार, हे त्याच्या भाषेत कोणी सांगितलेले नसते. अशा वेळी निघून जाणे हा अडाणीपणा नसतो. तो पोटाचा हिशेब असतो.

सुधारणा झाल्या नाहीत, असे नव्हे. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली. २०११ पासून सरकारी रुग्णालयात बाळंतिणीला उपचार, आहार आणि घरी पोहोचवण्याची सोय विनामूल्य देण्याचे धोरण स्वीकारले गेले. २०१८ साली आयुष्मान भारत योजनेने पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण दिले. या योजनांनी खर्चाचा भार हलका केला, हे मान्य करावेच लागेल. परंतु विमा रुग्णालयाचे बिल भरतो. बुडालेली मजुरी भरत नाही. राज्य कामगार विमा योजनेमुळे विमाधारक कामगाराला आजारपणात वेतनाचा काही भाग मिळतो. शेतमजुराच्या वाट्याला असे संरक्षण सहसा येत नाही. सुधारणेतील खरी उणीव येथे आहे.

अर्थात, दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. गर्दीने भरलेल्या कक्षात डॉक्टरांना प्रत्येकाशी निवांत बोलणे कठीण जाते. अर्धवट उपचारांचे परिणामही भयंकर असतात. क्षयरोगाची औषधे मध्येच सोडली, तर जंतू त्या औषधांना दाद देईनासे होतात आणि रोग घरातील इतरांनाही गाठतो. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव बहुधा पहिल्या चोवीस तासांतच होतो. म्हणूनच बाळंतिणीने घाईने घरी जाणे धोक्याचे असते.

मग रुग्णाला कोंडून ठेवावे काय? मुळीच नाही. रुग्णालय म्हणजे तुरुंग नव्हे. धोका समजून घेऊन, सल्ला न मानता घरी जाण्याचा निर्णय सज्ञान रुग्ण घेऊ शकतो. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेतही रुग्णालयातून बाहेर पडण्याचा हक्क नमूद आहे. केवळ बिलाच्या वादावरून रुग्णाला अडवू नये, अशी तिची भूमिका आहे. सांगून जाणारा रुग्ण आपले कागद, औषधांची चिठ्ठी आणि पुन्हा तपासणीची तारीख मागून घेऊ शकतो. न सांगता जाणारा मात्र रिकाम्या हातांनी जातो. पुढे त्रास वाढला, तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवायला त्याच्याजवळ काहीच नसते.

म्हणून जबाबदारी दोन्हीकडे आहे. रुग्णाने आपली अडचण न संकोचता सांगावी आणि निघताना कागद मागून घ्यावेत. रुग्णालयाने पहिल्याच दिवशी उपचाराची मुदत समजावून सांगावी. सोबतच्या माणसाच्या निवाऱ्याची आणि जेवणाची सोय पाहावी. शासनाने बुडणाऱ्या मजुरीचा विचार योजनांमध्ये करावा. निघून गेलेल्या रुग्णाच्या गावी आशा कार्यकर्तीने चौकशीसाठी जावे; मात्र ती चौकशी आपुलकीची असावी, दटावणीची नको.

किती खाटा वाढल्या, यावरून आरोग्यसेवेची प्रगती मोजली जाते. त्यांपैकी किती खाटा वेळेआधीच रिकाम्या झाल्या आणि का, याचीही मोजणी व्हावयास हवी. रिकाम्या खाटेवर रुग्ण आपली तक्रार ठेवून गेलेला असतो; ती वाचण्याची तयारी हवी.