गाडीचं वय बघू नका, धूर बघा



हल्ली संस्थेच्या ऑफिसात जाळ्याच्या अनुदानापेक्षा जास्त विचारणा जुन्या मोटारसायकलींची होते. "गाडीला पंधरा वर्षं झाली, आता चालवायची की भंगारात घालायची?" कुणी सांगतं पेट्रोल मिळणार नाही, कुणी सांगतं पोलिस उचलून नेणार. म्हणून आधी खरं काय आहे ते सांगतो, मग माझं मत सांगतो.

पेट्रोल बंद करायचा प्रकार दिल्लीत झाला. १ जुलै २०२५ पासून तिथं १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना पंपावर तेल द्यायचं नाही असं ठरलं होतं. लोक ओरडले आणि काही दिवसांतच ते थांबवावं लागलं. आपल्याकडे बेळगाव, निपाणी, चिक्कोडीत तसा नियम नाही. आपल्याकडे आहे तो नोंदणीचा नियम. १५ वर्षं झाली की आर.सी. पाच वर्षांसाठी नव्याने करून घ्यायची. १ एप्रिल २०२२ पासून मोटारसायकलीला त्याची फी ३०० रुपयांवरून १,००० रुपये झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने आणखी एक पायरी चढवली, २० वर्षांवरच्या मोटारसायकलीला २,००० रुपये. त्याच्या वर राज्याचा ग्रीन टॅक्स. कर्नाटकात दुचाकीला पाच वर्षांचे २५० रुपये, महाराष्ट्रात २,००० रुपये.

म्हणजे १६ वर्षांची एकच गाडी. नंबर के.ए. २३ असेल तर १,२५० रुपये आणि एम.एच. ०९ असेल तर ३,००० रुपये, किरकोळ खर्च वेगळा. कोगनोळी नाक्याच्या अलीकडे आणि पलीकडे धूर काही बदलत नाही, पण पैसे दुपटीहून जास्त. आपल्या भागात कागल-कोल्हापूरहून जुन्या गाड्या घेतलेले पुष्कळ लोक आहेत. त्यांनी हेही लक्षात ठेवावं की दुसऱ्या राज्याची गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवली तर इथला नंबर घ्यायला लागतो.

आता कुणी म्हणेल, पाच वर्षांला १,२५० रुपये म्हणजे दिवसाला रुपयासुद्धा पडत नाही, त्यात रडायचं काय? बरोबर आहे. खरी मार त्या रकमेची नाही, उशिराची आहे. मुदत संपल्यावर मोटारसायकलीला महिन्याला ३०० रुपये जादा लागतात. दोन वर्षं राहिलं तर ७,२०० रुपये. ज्या गाडीला बाजारात दहा-बारा हजार मिळाले तर नशीब, तिला सात हजार दंड! मग माणूस म्हणतो, राहू दे, तशीच चालवू. कागद गेला की विमा जातो, आणि विमा गेल्यावर रस्त्यात काही झालं तर घर उघड्यावर येतं. गाडी रस्त्यावरच राहते, धूरही तेवढाच राहतो, फक्त ती कायद्याच्या बाहेर जाते. यात हवेचा काय फायदा झाला?

आपल्या धंद्यात ही गाडी म्हणजे होडीचाच अर्धा भाग आहे. हिडकलला किंवा दूधगंगा-वेदगंगेच्या काठाला पहाटे जाळं काढलं तरी माल तिथं विकत नाही. मागे बर्फाची पेटी बांधून कटला, रोहू, चिलापी निपाणीच्या नाहीतर बेळगावच्या बाजारात न्यायला लागते. ऊन वर आलं की भाव खाली येतो. तेवढ्या पहाटे एस.टी. मिळत नाही, मिळाली तर माशाची पेटी घेत नाही. आणि पावसात नदी फुगली की होडी काठाला, गाडी दारात. तिचा आकार मात्र रोज फिरणाऱ्या गाडीएवढाच.

परदेशात काय करतात तेही बघू. लंडन शहरात ८ एप्रिल २०१९ पासून जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना शहरात फिरायचं शुल्क आहे, दिवसाला साडेबारा पौंड. २९ ऑगस्ट २०२३ पासून ते सगळ्या लंडनला लागू झालं. मोटारसायकलीलाही सूट नाही. साधारण जुलै २००७ च्या आधीच्या गाड्या त्यात सापडतात. आपल्या पैशात एका दिवसाला हजार रुपयांच्या वर जातं, म्हणजे आपल्या पाच वर्षांच्या रकमेच्या जवळपास. ऐकून घाबरायला होतं. पण तिथल्या दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक, गाडी जुनी असली तरी तिचा धूर मर्यादेत आहे असं तपासणीचं प्रमाणपत्र दाखवलं की शुल्क लागत नाही. दोन, जुनी मोटारसायकल मोडीत काढणाऱ्यांसाठी महापालिकेने १,००० पौंडांपर्यंत मदतीची योजना काढली होती. म्हणजे एका हाताने घेतलं तर दुसऱ्या हाताने दिलंही.

आपल्याकडे घेणारा हात आहे. धूर मोजायची सोयही आहे, फक्त आकार ठरवताना तिच्याकडे कोणी बघत नाही. पी.यू.सी.ला मशिनवर दोन आकडे येतात, कार्बन मोनॉक्साईड आणि हायड्रोकार्बन, म्हणजे न जळलेलं पेट्रोल. २००० सालानंतरच्या, पण बी.एस.-सहाच्या आधीच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साईड साडेतीन टक्के चालतो. हायड्रोकार्बन फोर-स्ट्रोकला ४,५०० आणि टू-स्ट्रोकला ६,००० पर्यंत. वेळेवर सर्व्हिस केलेली, कार्बोरेटर साफ असलेली फोर-स्ट्रोक गाडी वीस वर्षांची असली तरी यात बसू शकते. आणि हयगय केलेली आठ वर्षांची गाडी बाहेर जाऊ शकते. पण आज पहिल्या गाडीला जादा आकार आणि दुसरी मोकळी.

आपल्या बाजूचंही बोलायला पाहिजे. जुन्या टू-स्ट्रोक एम-एटी, लुना, एक्सएल अजून आपल्यात आहेत. त्यांच्यात ऑइल पेट्रोलबरोबरच जळतं आणि काही पेट्रोल न जळताच बाहेर पडतं. तो निळा धूर सगळ्यात आधी कुणाच्या छातीत जातो? रस्त्याकडेला पाटी मांडून बसलेल्या आपल्याच मावशींच्या. केंद्राच्या स्वच्छ हवा कार्यक्रमात खराब हवेच्या शहरांच्या यादीत कोल्हापूर आहे, आणि आपल्यातले कितीतरी जण तिथं माल घेऊन जातात. तेव्हा "आमच्या गाडीला हात लावू नका" असं मी म्हणणार नाही. कशीतरी पावती मिळवून पी.यू.सी. झाली म्हणणाऱ्यांचीही बाजू घेणार नाही. माझं म्हणणं एवढंच, की जो धूर सोडतो त्याच्याकडून घ्या, आणि गाडी बदलायची असेल तर हात द्या.

हात द्यायची वाटही सरकारजवळ तयार आहे. २०२० सालच्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत बर्फाच्या पेटीसह मोटारसायकल बसवली होती. किंमत धरली ७५ हजार. अनुदान सर्वसाधारण गटाला ४० टक्के, म्हणजे ३० हजार. अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना ६० टक्के, म्हणजे ४५ हजार. पण ही किंमत २०२० सालची आहे, आणि तेवढ्यात गाडी आणि पेटी दोन्ही बसवायच्या. आणि जुनी टू-स्ट्रोक मोडणाऱ्याला यात पहिला नंबर कुठंच नाही. जानेवारी २०२१ मध्ये केंद्राने ग्रीन टॅक्सचा प्रस्ताव मांडला तेव्हा ट्रॅक्टर, हार्वेस्टर, टिलरला सूट द्यायचं म्हटलं होतं, कारण ते शेतीचं साधन. मग मासे वाहणारी गाडी कशाचं साधन आहे?

म्हणून माझ्या मते आपण तीन मागण्या कराव्यात. पहिली, आर.सी. नव्याने करताना धुराची नीट तपासणी व्हावी आणि जी गाडी मर्यादेच्या बरीच आत आहे तिला ग्रीन टॅक्स माफ व्हावा. दुसरी, उशिराचा दंड मूळ फीपेक्षा जास्त नसावा. तिसरी, टू-स्ट्रोक मोडीत काढणाऱ्या मच्छीमाराला गाडीच्या अनुदानात आधी घ्यावं आणि गाडीची किंमत आजच्या भावाने धरावी. फी आणि दंड केंद्राच्या हातात, म्हणून ते निवेदन खासदारांना. ग्रीन टॅक्स राज्याचा, म्हणून ते आमदारांना. एकच कागद दोघांना दिला तर दोघेही दुसऱ्याकडे बोट दाखवतील.

आणि मागण्या मान्य होईपर्यंत वाट बघत बसू नका. आजच आर.सी. काढून तारीख बघा. मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत अर्ज करता येतो, फॉर्म २५. पी.यू.सी. आणि विमा चालू ठेवा. मुदत संपून गेली असेल तर आणखी महिना घालवू नका, प्रत्येक महिना ३०० रुपयांचा आहे. फॉर्म भरायला अडचण असेल तर आर.सी. घेऊन संस्थेत या, भरून देऊ.

ज्यांच्या गाडीला १५ वर्षं झालीत त्यांनी खाली गाव, गाडीचं साल आणि टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक एवढं लिहा. निवेदनाला यादी जोडायची आहे. नुसतं "आमच्यावर अन्याय होतोय" म्हणण्यापेक्षा किती गाड्या आणि कुठल्या सालच्या, हे सांगितलं की समोरच्याला उत्तर द्यायला लागतं.

आपला,
सचिव