गाडीवर नाव

'कधीं नावेवर गाडी, तर कधीं गाडीवर नाव' ही म्हण आमच्या वाचकांनीं लहानपणापासून ऐकलेली आहे. ती दैवाच्या फेऱ्याविषयीं आहे. नाव गाडीवर बांधावी कशी, हें ती सांगत नाहीं. आणि तें विचारणारें पत्र आमच्याकडे कधीं येईल असेंही आम्हांस वाटलें नव्हतें. परंतु या महिन्यांत जालन्याहून तसें पत्र आलें आहे. पत्रलेखक तेथील एमआयडीसींत, लोखंडी सळया तयार करणाऱ्या एका कारखान्यांत इंजिनियर आहेत. घर एकत्र, माणसें अकरा, चुलत भाऊ चौघे. या चौघांनीं मिळून कयाक नांवाची, एकट्यानें वल्हवावयाची प्लॅस्टिकची नाव विकत घेतली असून मे महिन्याच्या सुटींत ती मोटारीच्या टपावर बांधून कोंकणांत न्यावी असा त्यांचा बेत आहे. वडील मंडळींचा त्यास विरोध आहे. आजोबांचें म्हणणें असें कीं, टपावर वळकट्या बांधून नेण्याचे दिवस गेले. आतांच्या वेगांत टपावर मिटलेली छत्रीसुद्धां ठेवूं नये. "आजोबांचें खरें कीं आमचें, हें आपणच सांगावें," असा पत्राचा शेवट आहे.

आजोबांची भीति सर्वस्वीं खरी आहे, असें आम्ही प्रथमच सांगून टाकतों. परंतु खऱ्या भीतीचा उपयोग बेत मोडण्यापेक्षां तो नीट पार पाडण्याकडे व्हावा, हें अधिक चांगलें. म्हणून या विषयास आजचीं पृष्ठें देत आहों.

कयाक हा शब्द उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांच्या भाषेंतला. लांकडाचा किंवा हाडांचा सांगाडा करून त्यावर सील माशाचें, म्हणजे खरें पाहतां माशाचें नव्हे तर त्या सस्तन जलचराचें, कातडें ताणून मढवीत आणि त्या अरुंद नावेंत बसून शिकारी एकटाच समुद्रावर जाई. १९३६ सालच्या बर्लिन येथील ऑलिंपिक सामन्यांपासून या नावेच्या शर्यतींस जगाच्या क्रीडांगणांत स्थान मिळालें. आपल्याकडील डोणी, जिचें मूळ संस्कृत 'द्रोणी' या शब्दांत आहे, ती हिची दूरची बहीण म्हणावयास हरकत नाहीं. हल्लींची सामान्य कयाक जाड पॉलिथिनची असते. एका माणसाची नाव सुमारें तीन मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि वजनानें वीस ते तीस किलोपर्यंत भरते. दोन माणसें ती सहज उचलतात, आणि येथेंच फसगत होते. दोन माणसें सहज उचलतात, तर वाराही ती सहजच उचलील, हें कोणी ध्यानांत घेत नाहीं.

बैलगाडींत कडबा भरणाऱ्या माणसास बांधण्याची विद्या पुरी अवगत असते. गाडी मागें जड होऊन उलाळ होऊं नये, धुरेवर फार भार पडूं नये, आणि शेवटीं वरून नाडा टाकून तो दोघांनीं ओढून आवळावा, हें त्यास कोणी शिकवावें लागत नाहीं. पण बैलगाडी चालते माणसाच्या पावलानें. तेथें ओझें जागेवर ठेवण्याचें बहुतेक काम ओझ्याचें वजनच करतें. मोटारीच्या टपावर हा हिशेब उलटतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. वेग दुप्पट झाला कीं दाब चौपट. ताशीं ६० किलोमीटर वेगास तो दर चौरस मीटरला सुमारें १७ किलो भरतो, ८० ला ३०, आणि १२० ला ६८. आतां आपल्या तीन मीटर लांब, पाऊण मीटर रुंद नावेचें क्षेत्रफळ घ्या: सव्वादोन चौरस मीटर. १२० च्या वेगास त्यावर दीडशें किलोंचा हिशेब होतो. त्याचा पांचवा हिस्सा जरी नावेला वर उचलण्यांत खर्च झाला, तरी तीस किलो झाले. नावेचें स्वतःचें वजन पंचवीस! म्हणजे त्या वेगांत टपावर नाव ठेवलेली नसतेच. ती उडूं पाहत असते आणि दोरी तिला धरून ठेवीत असते. ज्या घरांत इंजिनियर आहे त्या घरास हा गुणाकार समजावून सांगावा लागूं नये. पण उत्साहाच्या भरांत गुणाकार विसरला जातो, हा आमचा शाळेंतील जुना अनुभव आहे.

जालन्याजवळूनच समृद्धि महामार्ग जातो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्यें खुला झाला आणि जून २०२५ पासून तो मुंबईकडे इगतपुरीपुढेंही अखंड चालूं झाला. या रस्त्यावर मोटारींस ताशीं १२० ची मुभा आहे. मुभा म्हणजे आज्ञा नव्हे. टपावर नाव असतां ८० च्या वर जाऊं नये, डाव्या बाजूची मार्गिका सोडूं नये, आणि मोठी मालमोटार शेजारून जातांना जो वाऱ्याचा झोत येतो त्यासाठीं दोन्ही हात चक्रावर ठेवावे.

आतां प्रत्यक्ष बांधणें. नुसत्या टपावर नाव ठेवूं नये. टपावर दोन आडव्या कांबी हव्यात, आणि त्या गाडीच्या कारखान्यानें त्याच गाडीसाठीं मान्य केलेल्या असाव्यात. टप किती वजन सोसतो हें गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेंत छापलेलें असतें. लहान गाड्यांत ही मर्यादा पुष्कळदां ५० ते ७५ किलोंचीच असते आणि कांबींचें वजनही तींतच धरावयाचें असतें. कांबी नव्यानें बसवावयाच्या असतील तर परिवहन कार्यालयांत एकदां विचारून घ्यावें. कित्येकजण कांबींचा खर्च वाचवून पट्टा दारांतून आंत घेतात आणि माणसांच्या डोक्यावरून फिरवून आवळतात. हें आम्हांस मुळींच पसंत नाहीं. हल्लींच्या अनेक गाड्यांत अपघाताच्या वेळीं फुगणारी हवेची पिशवी दाराच्या वरच्या कडेंतूनच खालीं येते. तिच्या वाटेंत पट्टा आणून ठेवणें म्हणजे विहिरीला कठडा बांधून त्यालाच भोंक पाडण्यासारखें आहे.

नाव पालथी घालावी, किंवा तिच्या आकाराच्या खोबणी कांबींवर बसवून त्यांत उताणी ठेवावी. आंतील पाणी, वल्हें, आसन, सारें काढून घ्यावें. नावेचा मध्य दोन कांबींच्या मध्यावर यावा. येथें कडब्याच्या गाडीचा धडा उपयोगी पडतो. मग प्रत्येक कांबीपाशीं एक याप्रमाणें दोन रुंद पट्टे नावेवरून टाकून, कांबीखालून काढून परत वर आणावे आणि बकलांत आवळावे. पट्टा कांबीस वेढला पाहिजे. टपाच्या कडेच्या शोभेच्या पट्टीस नव्हे. सपाट पट्टा वाऱ्यांत थरथरतो आणि गाडीभर असा घूंघूं आवाज करतो कीं पुढच्या गांवापर्यंत कोणास बोलणें सुचूं नये. त्यास एक पीळ द्यावा, आवाज बंद होतो.

बहुतेकांचें बांधणें येथें संपतें आणि खरी उणीव येथेंच राहते. दोन पट्ट्यांनीं नाव खालीं दाबली जाते. पण प्लॅस्टिक गुळगुळीत. कोरड्या रस्त्यावर जोरानें ब्रेक दाबला तर पंचवीस किलोंची नाव अठरा-वीस किलोंच्या जोरानें पुढें सरकूं पाहते. म्हणून नावेच्या दोन्ही टोंकांस स्वतंत्र दोरी हवी. पुढच्या टोंकाची दोरी खालीं पुढें गाडी ओढण्याच्या कडीस, मागच्या टोंकाची खालीं मागें तशाच कडीस. पुढची दोरी वाऱ्याला आवरते आणि मागची ब्रेकला. प्लॅस्टिकच्या बंपरला किंवा नंबराच्या पाटीला दोरी बांधणारे महाभागही आम्हीं पाहिले आहेत. त्यांच्याविषयीं अधिक न लिहिणेंच बरें.

दोरी कोणती? सुंभ, अंबाडी किंवा सुती दोर पावसांत भिजला कीं फुगून आखूड होतो. नायलॉनचा उलट ताणला जातो आणि भिजल्यावर अधिकच. ताण देऊनही फारसें न वाढणारें पॉलिएस्टर या कामास चांगलें. मालमोटारीवर ताडपत्री आवळणारे हमाल दोरीच्या मध्यावर एक फास करतात, मोकळें टोंक खालच्या हुकांतून काढून पुन्हां त्या फासांतून ओढतात. त्या युक्तीनें एका माणसाच्या हातास दोघांचें बळ येतें. एमआयडीसींत ही गाठ मारणारे शेंकडों आहेत. पत्रलेखकांनीं कारखान्याच्या फाटकाशीं अर्धा तास उभें राहून ती शिकून घ्यावी. शेवटीं मात्र निरगाठ असावी. सरगाठीवर घाट उतरूं नये.

मराठवाड्याच्या उन्हाविषयीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. मे महिन्यांत जालन्याचा पारा चाळिशीच्या पुढें जातो. तापलेलें पॉलिथिन मऊ पडतें, आणि दांत्याच्या खटक्यानें करकचून आवळलेला पट्टा त्यास कायमचा खळगा पाडतो. म्हणून साध्या बकलाचा पट्टा घ्यावा आणि हातानें ओढून जेवढा आवळेल तेवढाच आवळावा. शिवाय उन्हांत प्रसरण पावलेली नाव रात्रीच्या गारव्यांत आकसते आणि दुपारीं घट्ट असलेला पट्टा पहांटे सैल लागतो. पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरांवर एकदां, आणि पुढें प्रत्येक चहाच्या थांब्यावर, चहाच्या आधीं, हात लावून पाहावें. नाव धरून हलवली असतां गाडी हलली पाहिजे, नाव नव्हे.

लांबीचा प्रश्न आम्हीं मुद्दाम मागें ठेवला. पत्रलेखक ज्या कारखान्यांत काम करतात तेथून निघणारी सळई प्रायः १२ मीटर, म्हणजे चाळीस फूट लांबीची असते. पुष्कळदां ती दुमडून गाडींत घालतात. जी सरळ जाते आणि मागें बाहेर लोंबते, तिचें टोंक रात्रीं मागून येणाऱ्या फटफटीवाल्यास दिसत नाहीं. बाजूनें पाहिली तर ती चाळीस फूट लांब. मागून पाहिली तर एक टिंब. पूर्वीं मोटार वाहन नियमांत माल मागें एक मीटरपर्यंत बाहेर राहूं देण्याची सवलत होती. अशा सळयांवर आदळून माणसें मरत राहिलीं, तेव्हां २०१४ सालीं ती सवलत काढून टाकण्यांत आली. २०१९ सालच्या दुरुस्तीनें कायद्यांत मर्यादेबाहेर आलेल्या मालाबद्दल वीस हजार रुपयांचा दंड आणि माल उतरवून घेण्याचा खर्च, अशी शिक्षा आली. परदेशांत टोंकाला लाल फडकें बांधून लांब वस्तु नेतात, तीं चित्रें पाहून आपल्याकडे कोणी तसें करूं नये. सुदैवानें आपल्याकडील बहुतेक लहान मोटारी चार मीटरच्या किंचित् आंत असतात. तीन मीटरची नाव त्यांवर दोन्ही टोंकांस राखून बसते. साडेचार मीटरच्या नावेचा मोह पडला, तर ती पुरती आंत मावेल अशी मालगाडी भाड्यानें करावी. फुगवून वापरावयाच्या कयाकही मिळतात. हवा काढून घडी केली कीं त्या डिकींत जातात आणि हा सारा लेख अनावश्यक ठरवितात.

सळईचा उल्लेख आम्हीं केवळ कायद्यासाठीं केला नाहीं. टपावरील ओझ्याविषयीं घरांत बोलणें होतें तें आपल्या माणसांचें: मुलें आंत आहेत, आजी आंत आहेत, त्यांना कांहीं होईल काय? वस्तुतः नाव सुटली तर ती मागें जाते. आंतल्या माणसांस एक धडाडा ऐकूं येईल आणि ती पडेल कोणा परक्याच्या पुढ्यांत, ज्यानें ती बांधतांना पाहिलेली नाहीं आणि ज्यास नको म्हणण्याची संधि मिळालेली नाहीं. पत्रलेखक रोज सळयांच्या गाड्या फाटकाबाहेर पाठवितात, तेव्हां मागून येणाऱ्या माणसाची आठवण त्यांस इतरांपेक्षां लवकर व्हावी. आजोबांच्या विरोधाचें मर्मही, आम्हांस वाटतें, येथेंच आहे. त्यांनीं तें छत्रीच्या दृष्टान्तानें सांगितलें इतकेंच.

आणि म्हणूनच एकत्र कुटुंबास एक विशेष सूचना. चौघे भाऊ एकदम बांधावयास लागले कीं प्रत्येकास वाटतें, ती गांठ दुसऱ्यानें आवळली असेल. असें करूं नये. एकानें बांधावें, दुसऱ्यानें तपासावें, आणि त्या वेळीं बाकीच्यांनीं डबे, पाण्याच्या बाटल्या व लहान मुलें यांची व्यवस्था पाहावी. तपासणारा कोण असावा हें आम्ही ठरविणार नाहीं. परंतु ज्या घरांत बेतास विरोध करणारे एक वडील आहेत, त्या घरांत तपासनीस बाहेर शोधण्याचें कारण नाहीं. विरोध करणारा मनुष्य गांठ ओढून पाहतो; हौशी मनुष्य नुसता तिच्याकडे पाहतो.

राहतां राहिली उंची. नाव चढल्यावर गाडी किती उंच झाली हें फुटपट्टीनें मोजून तो आंकडा चक्रासमोर कागदावर चिकटवावा. रेल्वेच्या पुलाखालीं, तळघरांतील वाहनतळाशीं आणि कांहीं लॉजांच्या दारांत लोखंडी आडवी कमान असते, आणि रात्रीं अकरा वाजतां दमलेल्या माणसास टपावर नाव आहे याचा खुशाल विसर पडतो.